पावडरीचा मान

परवा सांगलीहून चार माणसं जीपनं आली. खांद्याला झोळ्या, हातात वह्या. चावडीत बसून सरपंचांना इचारत हुती, "तुमच्या गावची पाणी समिती सहा वर्षं कशी टिकली? बाकीच्या गावांत सहा महिन्यांत मोडली." आमचे सरपंच हंबीरराव मिशीवरनं हात फिरवून म्हणाले, "लोकसहभाग." आता ह्यो शब्द ते कुठं शिकले कुणास ठावं. मी दाराशी बांगड्यांची टोपली घेऊन बसले हुते, मला काय ऱ्हावलं न्हाई. म्हणलं, "आवं सरपंच, खरं सांगा की! आपण समद्यांनी मिळून विहीर नासवली, तवा समिती टिकली."

चारी माणसं माझ्याकडं बघाय लागली. सरपंचांनी डोळे वटारले. पर मी काय त्यांच्या डोळ्याला भिते व्हय!

मी जरिना मणेर. जत तालुक्यातलं माळकोंडी हे माझं गाव. इथनं दोन कोसावर कर्नाटक, म्हणून अर्ध्या गावाचं घरातलं बोलणं कन्नडच. तीस वर्षं मी ह्या गावात बांगड्या भरते. सरपंच कुणाच्या घरी गेले तर वसरीपातूर. मी जाते चुलीपातूर. कुणाच्या मनगटाचं माप काय, कुणाचा हात कशानं थरथरतो, समदं मला ठावं. गावात भांडणं लय, पर हात मातुर प्रत्येकीनं माझ्याच हातात दिलेला हाय.

त्र्याण्णव सालची गोष्ट. गावाला प्यायची विहीर एकच, बिरोबाच्या देवळामागची. चैत्रात तिचा तळ दिसतो, मंग सरकारी टँकर येऊन तिच्यातच पाणी वततो आन गाव शेंदून नेतं. बिरोबाची जत्रा बी चैत्रातच. पाच हजार माणूस येणार, काठावर पाय धुणार, ज्याचा त्याचा दोर, ज्याची त्याची घागर. विनोदिनीबाई म्हणून आमच्या नर्सबाई हायत, पाच गावं एकट्या बघत्यात. त्यांनी जत्रेआधीच विहिरीत टाकायची पावडर आणून दिली हुती. ती गोणी ग्रामपंचायतीत पडून पडून दगड झाली. टाकायची कुणी, ह्याचाच निकाल लागला न्हवता. जत्रेच्या तिसऱ्या दिवशी हगवण आन वकाऱ्या सुरू झाल्या. चाळीस माणसं दवाखान्यात गेली. दोन पोरं परत आली न्हाईत.

त्यातला एक हरी. बिरोबाचे पुजारी अर्जुनाआबा, त्यांचा नातू, मनुबाईचा एकुलता एक. पाच वर्षांचा हुता. जत्रेत उन्हातनं पळत माझ्या दुकानाशी आला, "चाची, पाणी!" मी माझ्या पितळी फुलपात्रातनं दिलं. घटाघटा प्याला आन म्हणाला, "आजून दे." आजून दिलं. त्याच विहिरीचं. सहाव्या दिवशी त्याला मातीत ठेवला. लोक म्हणायचे, "भाभी, ते पाणी समद्या गावानं पिलंय, तुमचा काय दोष?" खरं हाय. पर त्याला पाजलं मीच. ते फुलपात्र घासून फळीवर पालथं घातलं, ते पुन्हा उचलायचा जीव झाला न्हाई.

महिन्यानं मनुबाईच्या माहेरची माणसं दुखवटा काढाय आली. नवं लुगडं आणलं, बांगड्या भराय मला बोलावलं. मनूनं दोन्ही हात पदराखाली घेतले. म्हणाली, "न्हाई भाभी. ज्या दिवशी ह्या विहिरीचं पाणी मी बिनघोर पिईन, त्या दिवशी भरीन." नवरा जिता असून पोरीचे हात रिकामे! सासूनं समजावलं, माहेरच्यांनी हात जोडले. ऐकंल ती मनू कसली. रोज कोसभर चालत ओढ्यातल्या झिऱ्यावर जायची, वाटीनं पाणी भरायची आन तेवडंच प्यायची. तिचे ते रिकामे हात बघून मी मनाशी ठरवलं, ही विहीर मी सुधारणार आन ह्या पोरीचे हात भरणार. बांगड्या भरणारी मणेरीण म्हणून घेते की न्हाई मी?

मंग नर्सबाईंना संगं घेऊन मी घर ना घर पालथं घातलं. बांगड्या भरताना बाईला उठून जाता येत न्हाई, हे एक बरं. हात धरला की ऐकावंच लागतं. कोण म्हणायचं पाण्याला वास येतो, कोण म्हणायचं देवाच्या विहिरीत औषध कशापायी. एक बाई म्हणाली, "त्या पावडरीनं म्हणं पोरं हुत न्हाईत." मी म्हणलं, "आगं, तुला सात हायती. आठवं न्हाई झालं तर बिरोबा काय उपाशी ऱ्हातोय?" सासू पदरात तोंड घालून हसली. सासू हसली म्हंजी त्या घरचं काम झालं.

बायका तयार झाल्या, पर खरं घोडं अडलं चावडीत. पावडर टाकायची कुणी? सरपंच म्हणाले, गावचा पहिला मान पाटलांचा, म्हंजी त्यांच्या भावकीचा. अर्जुनाआबा म्हणाले, विहीर देवाची, म्हंजी मान धनगरवाड्याचा. लिंगायतांची माणसं कन्नडमधनं तावातावानं काय काय बोलली. दोन तास नुसता कालवा. शेवटाला माझं डोकं फिरलं. उठले आन म्हणलं, "पालखीचा मान, नारळाचा मान, ढोलाचा मान! मेलेल्या दोन पोरांचा मान कुणी घेतला का रं? न्हाई ना? मंग पावडरीचा बी मान वाटून घ्या! वार सात, गावात आळ्या बी सात. एकेकानं एकेक वार घ्या आन आमाला सोडा!"

मी रागात बोलले हुते. पर सरपंच लगेच म्हणाले, "मंग सोमवार आमचा."

झालं, तिथल्या तिथं वार वाटले, आन तीच आमची पाणी समिती झाली. रविवार बिरोबाचा, म्हणून धनगरवाड्याला. शुक्रवार आमाला मुसलमानांना. शेवटाला गुरुवार उरला आन आळी उरली बौद्धवस्ती. तिथं पुन्हा गाडं अडलं. बौद्धवस्तीला पूर्वी त्या विहिरीवर चढू देत न्हवते, त्यांचा हापसा वेगळा. सरपंच घसा खाकरून म्हणाले, "त्यांचा वार ऱ्हाऊ दे, पर बादली विहिरीत पंचायतीचा शिपाई सोडंल." बौद्धवस्तीची धोंडुबाई दाराशी उभी हुती. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. आन मी, येवडी तोंडाळ बाई, गप बसले. म्हणलं, आधी काम तर सुरू हू दे. त्या गप बसण्याची मला आजून लाज वाटते.

काम मातुर झकास चाललं. नर्सबाईंनी प्रत्येक आळीला पावडर आन माप दिलं. त्यांनी शिकवलं तसं: एक माप पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवडी विहिरीत सोडायची, आन तासभर कुणी घागर बुडवायची न्हाई. मान म्हणल्यावर बघायलाच नको! आमचा रमजान, माझा नवरा, शुक्रवारी धुतलेला सदरा घालून बादली घेऊन निघायचा, जसा काय नवरदेव. पाटील भावकीनं बादलीला रंग दिला. एक वार चुकला न्हाई. दहा महिने गावात एकाला बी हगवण लागली न्हाई. तरी मनूची घागर झिऱ्यावरच. "जत्रा पार पडू दे भाभी," येवडंच म्हणायची. तिचं बी चुकत न्हवतं. हरी जत्रेतच गेला हुता.

जत्रेच्या आधी तालुक्याचे साहेब येऊन बजावून गेले, "ह्या वर्षी एक जरी रोगी निघाला तर पुढच्या वर्षीपासून जत्रा बंद. आणि तुमची ती समितीही बंद."

जत्रा आली रविवारी. नर्सबाई सकाळी आठला त्यांची काचेची नळी घेऊन आल्या. त्या नळीत विहिरीचं पाणी घ्यायचं, औषधाचे दोन थेंब टाकायचे, फिकट पिवळं झालं की पाणी चांगलं. त्या दिवशी थेंब टाकले आन नळी लालबुंद! नर्सबाईंच्या तोंडचा रंग उडाला. मी विहिरीत डोकावले तर डोळ्यांना चरचर, नाकात नुसता पावडरीचा भपका. ते पाणी जनावरानं बी तोंडाला लावलं नसतं. आन वरच्या माळावर माणसांच्या गाड्या दिसाय लागल्या हुत्या.

"किती मापं टाकली?" नर्सबाईंनी इचारलं. "एकच," अर्जुनाआबा म्हणाले, "पहाटे मीच टाकलं. वार आमचा हाय." नर्सबाई म्हणाल्या, "आबा, एका मापाचं हे पाणी नाही." समदे एकमेकांकडं बघाय लागले. दुसरं माप माझं हुतं! धनगरवाडा पालखीच्या गडबडीत इसरला तर, म्हणून सकाळी सहाला मीच एक माप सोडून आले हुते. कुणाला सांगितलं न्हवतं. आता काय तोंड दाखवायचं? पर लपवून मनूच्या पुढं उभी कशी ऱ्हाऊ? म्हणलं, "एक माझं बी हाय."

मी बोलले आन बांध फुटला. सरपंच जमिनीकडं बघत म्हणाले, "गावची जत्रा, म्हंजी पहिला मान सरपंचाचा. म्हणून एक मी बी…" मंग लिंगायतांचं निघालं. मंग माळ्यांचं. मंग कुंभार-सुतारांचं. प्रत्येकाला वाटलेलं, आजचा खरा मान आपला. मोजलं तर सहा झाले.

"सातवं आमचं," मागनं आवाज आला. धोंडुबाई! "शिपायाच्या न्हाई, माझ्या हातानं सोडलं. पयल्यांदाच." सरपंचांची मान झटक्यात वर आली. ते काय बोलणार तेवड्यात मी म्हणलं, "सरपंच, तुमचं माप आन तिचं माप येकाच पाण्यात मिसळलंय. आता निवडून काढा बघू!"

नर्सबाई कपाळाला हात लावून बसल्या हुत्या, त्या एकदम उठल्या. "पाणी वाया गेलेलं नाही," म्हणाल्या. "सातपट तेज झालंय, एवढंच. या पाण्याची एक घागर आणि साध्या पाण्याच्या सहा घागरी एकत्र केल्या, तर ते पिण्याजोगं होईल. साध्या पाण्यातले जंतूसुद्धा मरतील. पण साधं पाणी आहे कुठं?"

टँकर येणार दुसऱ्या दिवशी. झिऱ्यावर वाटीनं भरायचं, तिथं पाच हजाराला काय पुरणार. समद्या गावाला ठाऊक हुतं पाणी कुठं हाय. बौद्धवस्तीच्या हापशाला ऐन उन्हाळ्यात बी धार असते. पर तिथं हात पसरायचा कुणी? धोंडुबाई सावकाश फुडं आली. लय बारीक बाई, पर त्या दिवशी मला उंच वाटली.

"पाणी हाय," ती म्हणाली. "पायजे तेवडं न्या. पर दोन गोष्टी. इथनं फुडं गुरुवारची बादली मी सोडीन, शिपाई न्हाई. आन आजची देवाची घागर आमच्या पाण्यानं भरायची."

देवाची घागर म्हंजी जत्रेचं पहिलं पाणी. त्यानं बिरोबाला अंघोळ घालायची, मंगच पालखी हालते. ती घागर पिढ्यान् पिढ्या अर्जुनाआबांच्या घरची. समदे त्यांच्याकडं बघाय लागले. सरपंचांनी तर डोळेच मिटले. आबा काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "गेल्या साली देवाची घागर मी माझ्या हातानं भरली. कुणाची सावली पडू दिली न्हाई. तिचं तीर्थ माझ्या नातवाला मीच पाजलं. त्यो तीर्थ पिऊन गेला." मंग ते धोंडुबाईकडं वळले. "धोंडे, पोरी, घागर उचल. चल हापशावर."

खरं सांगते, वरीसभर मला वाटत हुतं हरीला पाणी मीच पाजलं, मीच एकटीनं. आन हा म्हातारा तेच ओझं घेऊन रोज देवापुढं बसत हुता.

मंग जे झालं ते माळकोंडीनं पूर्वी कवा बघितलं न्हवतं. हापशापास्न देवळापातूर माणसांची रांग लागली. सातीच्या साती आळ्या. भरली घागर ह्या हातातनं त्या हातात, रिकामी घागर माघारी. प्रसादाच्या तीन काहिली देवळापुढं मांडल्या, त्यात सहा घागरी हापशाच्या, एक विहिरीची. मी रांगेच्या मधोमध. वर तोंड करून बघायला फुरसत न्हवती, मी नुसते हात बघत हुते. हिरव्या बांगड्या, ही पाटलीण. काळ्या काचेच्या, ही लिंगायतांची म्हातारी. तांबड्या, ही धोंडुबाईची सून. समद्या माझ्याच हातच्या! माझा ऊर असा भरून आला, काय सांगू तुमाला. आन मंग एक घागर आली ती रिकाम्या मनगटांच्या हातातनं. मी मान वर केली. मनू उभी हुती. घागर दिली आन फुडल्या घागरीला हात केला.

साडेदहाला नर्सबाईंनी काहिलीतलं पाणी नळीत घेतलं. पिवळं! फिकट, जसं हळदीचं पाणी. काहिलींवर झाकणं घातली, येकेक लांब दांड्याचं वगराळं ठेवलं, आन येकेका काहिलीला दोन-दोन बायका राखणीला. बाहेरचा दोर, बाहेरची घागर विहिरीवर न्हाई म्हंजी न्हाई. सरपंच स्वतः काठी घेऊन काठावर बसले. त्यांच्या पाव्हण्यानं पाय धुवाय बघितलं तर त्यालाच हाकललं. धोंडुबाई देवाची घागर डोक्यावर घेऊन देवळाच्या पायऱ्या चढली, आन आबांनी ती तिच्या डोक्यावरनं आपल्या हातानं उतरवून घेतली. ढोल वाजला, भंडारा उडाला. पाच हजार माणूस पाणी पिऊन गेलं.

पर माझ्या जिवात जीव कुठला! गेल्या साली तिसऱ्या दिवशी सुरू झालं हुतं. तिसरा दिवस आला. कुणाचं पोरगं रडलं तरी मी धावायचे. चौथा गेला, पाचवा गेला. नर्सबाई रोज येऊन घरोघर इचारायच्या. भोवतालच्या गावांत बी निरोप धाडले. आठव्या दिवशी त्या सरळ माझ्या दारात आल्या आन म्हणाल्या, "भाभी, एकही नाही. एकसुद्धा नाही!" आन त्या शिकल्यासवरल्या बाई माझ्या गळ्यात पडून रडल्या.

त्या दुपारी मी फळीवरचं फुलपात्र काढलं. राखेनं घासलं, लखलखीत केलं. टँकरचं पाणी पडून विहिरीचं पाणी बी आता नळीत फिकट पिवळं दिसत हुतं. टोपली घेतली आन विहिरीवर जाऊन बसले. मनू येईल का न्हाई, ठावं न्हवतं. आली. काखेत घागर, झिऱ्याच्या वाटेनं न्हाई, विहिरीच्या वाटेनं. माझ्यासमोर बसली.

"भाभी, पाणी द्या."

मी फुलपात्र तिच्याकडं सारलं. म्हणलं, "मनू, माझ्या हातनं नगं गं. तू तुझी घे."

"तुमच्याच हातनं," ती म्हणाली. "माझ्या हरीला तहान लागली तवा तुमी त्याला पाणी दिलं. पाणी वंगाळ हुतं, भाभी. तुमचा हात न्हवता."

मी फुलपात्र भरून दिलं. तिनं डोळे मिटून ते संपवलं. मंग माझ्यापुढं धरलं आन म्हणाली, "आजून द्या." त्या दोन शब्दांनी मला हंबरडा फुटला. ती बी रडली. दोघी रडून घेतलं पोटभर. मंग तिनं पदराखालनं दोन्ही हात काढून माझ्या मांडीवर ठेवले. पूर्वी तिला अडीचच्या मापाची बांगडी लागायची. त्या दिवशी सव्वादोनची बी ढिली झाली, येवडी ती वाळली हुती.

हे ऐकताना त्या चौघांच्या वह्या तशाच उघड्या ऱ्हायल्या हुत्या. सरपंच खिडकीतनं बाहेर बघत डोळे पुसत हुते, आन वर मलाच म्हणाले, "भाभी, तुमी लय बोलता." मी म्हणलं, "बोलणारच!" आता गावात माप एकच हाय आन पावडरीच्या पेटीची किल्ली बी एकच. किल्ली माझ्या एका पितळी कड्यात अडकवलीय. ज्याचा वार त्याच्या घरी ते कडं जातं, आन वार सरला की फुडल्या आळीला हातात नेऊन द्यायचं, फेकायचं न्हाई. गुरुवारी धोंडुबाई सरपंचांच्या दारातनं ते कडं मिरवत जाते.

त्यातला एक जण म्हणाला, "मग मावशी, समिती टिकली हे आम्ही कशावरून लिहायचं?" मी टोपली उचलली. हरीच्या पाठीवर झालेली मनूची लेक त्या दिवशी चार वर्षांची झाली हुती, तिला पहिल्या बांगड्या भराय जायचं हुतं. म्हणलं, "ल्ह्या की. मनुबाईला आता पुन्हा अडीचची बांगडी बसते, म्हणून ल्ह्या."